सभासद क्रमांक एकची अकरावी बोली

१

चार वाजून पन्नास मिनिटांनी एका मेलेल्या माणसाने पक्ष्याच्या रिकाम्या पिंजऱ्यावर अकरावी बोली लावली.

आधीच्या दहा कुणाला दिसल्या नव्हत्या असं नाही. पण स्वतःची समजूत घालण्यात माणूस फार हुशार असतो. पहिल्या बोलीला थोरली मनात म्हणाली, असेल कुणी गिऱ्हाईक. चौथीला म्हणाली, हौशी दिसतंय. सातवीला तिने चहाचा कप खाली ठेवला. अकरावीला तिच्या दिराने, म्हणजे धाकट्याने, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि बोली लावणाऱ्याचा क्रमांक वाचला.

"वहिनी, हा सभासद क्रमांक एक आहे."

"मग?"

"पहिलं खातं मी दवाखान्यात चाचणीसाठी त्यांच्या फोनवर उघडलं होतं. क्रमांक एक म्हणजे बाबा."

नेमका त्याच क्षणी संगणकातून बाबांचाच आवाज आला. "एकवार."

बाबा, म्हणजे थोरलीचे मामंजी, जाऊन तीन महिने झाले होते. चाळीस वर्षं त्यांनी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये लिलाव पुकारले. शेवटच्या आजारपणात धाकट्याने त्यांच्या तोंडापाशी फोन धरून तीनच शब्द रेकॉर्ड करून घेतले होते: एकवार, दोनवार, तीनवार. त्या तीन शब्दांवर या दोघांनी आपली लिलावाची वेबसाइट उभी केली होती. नावही तेच, 'तीनवार'.

"दोनवार," आवाज म्हणाला. मग एक श्वास ऐकू आला. छातीत घरघरणारा, लांब, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. धाकटा तो कापणार होता, पण दवाखान्यातल्या पाटीवर मामंजींनी थरथरत्या अक्षरात लिहून दिलं होतं, 'श्वास काढू नकोस.' का, ते लिहिण्याइतकं बळ उरलं नव्हतं.

"तीनवार."

पिंजरा क्रमांक एकला गेला. दिवसाचा लिलाव संपला. खोली अशी गप्प झाली की थोरलीला स्वतःच्या बांगड्या आवरून धराव्याशा वाटल्या.

"आपल्याकडे खोटी बोली लागली," ती हळूच म्हणाली. "तिसऱ्याच दिवशी."

"त्याहून वाईट," धाकटा पडद्यावरची ओळ परत परत वाचत म्हणाला. "ही आपल्याच घरातल्या वायफायवरून आलीय."

२

बाजार म्हटला की लोकांच्या डोळ्यासमोर एकच वेबसाइट यायची. थोरली तिला 'हत्ती' म्हणायची. त्या हत्तीच्या तक्रार खात्यात तिने नऊ वर्षं काढली होती. तिथे लिलाव घड्याळावर चालत. ठरलेल्या सेकंदाला दार बंद, त्यामुळे लोक आधी लपून बसत आणि शेवटच्या सेकंदाला झडप घालत. विक्रेता बिचारा आपल्या आजीची पेटी मातीमोल जाताना बघायचा आणि थोरलीला पत्र लिहायचा. थोरली उत्तर लिहायची, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.' हे वाक्य तिने इतक्यांदा लिहिलं होतं की शेवटी तिला स्वतःचीच किळस आली.

'तीनवार'वर घड्याळ नव्हतं. रोज चारला एकेक वस्तू पुढे यायची. बोली थांबली की मामंजी पुकारायचे, आणि मध्येच नवी बोली आली तर पुन्हा 'एकवार'पासून सुरुवात. साठ विक्रेते हत्तीला सोडून इकडे आले होते ते या पद्धतीसाठी, आणि पहिल्या पानावरच्या एका वाक्यासाठी: 'इथे खोटी बोली लागत नाही.' वाक्य थोरलीचं होतं. ते तिने साठ उंबऱ्यांवर उभं राहून तोंडाने सांगितलं होतं.

"बाबांचा फोन कुठाय?" तिने विचारलं.

"वर. हॉलमध्ये, त्यांच्या टेबलाच्या खणात. तीन महिने कुणी हात लावला नाही."

हॉलची किल्ली जिन्याच्या बोळात खिळ्याला टांगलेली असायची. घरात येणारा-जाणारा कुणीही ती घेऊ शकत होता. थोरली बोळात आली आणि जागच्या जागी थांबली.

किल्ली हलत होती. अगदी सावकाश, इकडून तिकडे. बोळात वाऱ्याचा पत्ता नव्हता.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "संपलं का गं तुमचं दुकान?" चार ते पाच ही त्यांची झोपेची वेळ. त्या वेळात घरात भांडं वाजवायचीही सोय नव्हती. आता त्या उठून ओट्यापाशी उभ्या होत्या, चष्मा डबीत ठेवत होत्या. डबी मिटली, टिक. "चेहरा का असा उतरलाय? भूत बघितल्यासारखा."

"काही नाही आई," धाकटा म्हणाला, आणि दोघं जिना चढले.

हॉलचं दार उघडलं तसा कोंडलेल्या लाकडाचा वास आला. खुर्च्यांच्या बारा रांगा टेबलाकडे तोंड करून बसलेल्या. रिकाम्या खुर्च्या एकट्यादुकट्या असल्या तर बापड्या वाटतात. शंभर असल्या की त्या आपल्याला बघतात. धाकट्याने खण ओढला. फोन होता, बंद. त्याने बटण दाबलं मात्र, पडदा भक्कन उजळला. मामंजींच्याच नावाने 'तीनवार' उघडी होती, आणि पिंजऱ्याखाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'अभिनंदन. ही वस्तू तुमची झाली.'

धाकट्याने फोन असा टाकला जणू तो विंचूच होता.

३

सकाळी दहाला हत्तीचं पत्र आलं. मुंगीवर पाय द्यायला हत्तीला राग यावा लागत नाही. त्यासाठी तिथे वेगळं खातं आहे. लिहिणारी बाई पूर्वी थोरलीच्या शेजारच्या टेबलावर बसायची.

'तुमच्या पहिल्या पानावर ज्यांना 'सभासद क्रमांक एक' म्हणून श्रद्धांजली वाहिली आहे, तेच गृहस्थ तुमच्याकडे बोली लावत आहेत. आज संध्याकाळी पाचपर्यंत खुलासा करावा. अन्यथा तुमच्या विक्रेत्यांना आम्ही कळवू.' आणि खाली, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.'

"माझंच वाक्य मला!" थोरली म्हणाली. तिला हसूच आलं. नवरा जहाजावर, त्याला फोन लागायला दोन दिवस. करायचं ते पाचच्या आत, आणि तिलाच.

पहिला नंबर धाकट्याचा.

"तू लावलीस?"

"वहिनी!"

"विचारावं तर लागेल ना. साइट भरलेली दिसावी असं तुलाच सगळ्यात जास्त वाटतं."

"मला लावायची असती तर मी बाबांच्या नावाने लावली असती? पन्नास खोटे सभासद बनवले असते, वेगवेगळ्या नावांचे, वेगवेगळ्या गावांचे. एवढा मूर्ख समजतेस मला?"

थोरलीने त्याला नीट बघितलं. अपमान खरा होता. "बरं, मला एक सांग. पिंजऱ्यावर दुसऱ्या कुणाची बोली होती?"

"एकाचीही नाही. अकराच्या अकरा त्याच्याच. स्वतःच्या बोलीवर स्वतःच चढत गेला."

"असं करता येतं?"

धाकटा ओशाळला. "आपल्याकडे येतं. चूक माझी आहे. बाबांची नियमांची वही समोर ठेवून मी सगळं बांधलं. त्यात तसा नियमच नाही. हॉलमध्ये स्वतःवर स्वतः चढणारा माणूस चाळीस वर्षांत उगवला नसेल, तर बाबा नियम कशाला लिहितील?"

"आणि आधीचे दोन दिवस?"

त्याने काढून दाखवलं. पहिल्या दिवशी क्रमांक एकने एका मोडक्या संगीतपेटीवर एक बोली लावली होती. दुसऱ्या दिवशी एका जुन्या दुर्बिणीवर चार. "मला वाटलं, तू चाचणी घेतेयस."

"आणि मला वाटलं, तू."

दुसरा नंबर फोटोवाल्याचा. सगळे त्याला 'उजेड' म्हणत, कारण कुठेही गेला तरी त्याचं पहिलं वाक्य, "इथे उजेड नाही हो." सकाळी तो हत्तीसाठी फोटो काढायचा, दुपारी यांच्यासाठी.

"दोन्ही घरचा पाहुणा आहेस," थोरली म्हणाली. "काल पावणेपाचला कुठे होतास?"

"जिन्याखाली, कापडं घडी करत. ताई, मी फोटो विकतो, माणसं विकत नाही." मग त्याने मागे वळून जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक सांगू का? वरून आवाज येत होता. मालकांचा. तुमच्या ऑफिसातला नाही, हॉलमधला. कुलूप तर मी डोळ्यांनी बघितलं होतं दुपारी."

"काय ऐकलंस?"

"एकवार, दोनवार, परत एकवार. कितीतरी वेळ. शेवटी तीनवार झालं आणि मग..." त्याने बोटाने टेबलावर अलगद टिचकी मारली. "टिक. हातोडा असा हळूच टेकवावा तसं. मी कापडं तिथेच टाकून पळालो. म्हणा भित्रा."

मामंजींचा हातोडा त्यांच्याबरोबरच गेला होता. थोरलीने स्वतः तो त्यांच्या उशाशी ठेवला होता.

४

राहिले कारकून काका. मामंजींच्या हाताखाली चाळीस वर्षं. कोणती वस्तू कितवी पुकारायची ते अजूनही तेच ठरवत.

थोरलीने त्यांच्यापुढे दोन फोटो ठेवले, संगीतपेटीचा आणि दुर्बिणीचा. दोन्हीच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात खडूचं इवलंसं वर्तुळ होतं.

"काका, हे काय?"

काकांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. "सवय हो, सूनबाई."

"कसली सवय?"

"वस्तूचा धनी स्वतः हॉलमध्ये बसला असेल तर मी चिठ्ठीवर वर्तुळ काढायचो. त्याच्या डोळ्यांदेखत वस्तू बोलीशिवाय पडली तर माणसाच्या तोंडावर कसं होतं, बघितलंय कधी? मग मालक स्वतः एक बोली लावून ती घ्यायचे. घरची बोली म्हणायचो आम्ही. तुमचा माळा कशाने भरलाय असं वाटतं तुम्हाला?"

"म्हणजे या बोल्या..."

"नाही!" काका एकदम उभे राहिले. "आईशपथ नाही. मला तो फोन उघडता येत नाही. पेटी आणि दुर्बीणवाले दोघं हाताने वस्तू घेऊन दारात आले, म्हणून नुसतं वर्तुळ काढलं. हात ऐकत नाही माझा. आणि पिंजरा बघा. त्यावर आहे का खडू? तो तर टपालाने आलाय."

पिंजऱ्यावर खडू नव्हता.

"आणि सूनबाई, घरची बोली एकदाच लावायची असते. वस्तू घेतली, विषय संपला. स्वतःवर स्वतः अकरा वेळा कोण चढेल? मालक असं करणार नाहीत." जरा थांबून ते पुटपुटले, "मेल्यावरसुद्धा."

"या तिन्ही वस्तूंमध्ये सारखं काय आहे मग?"

"काही नाही. तिन्ही टाकाऊ. टाकाऊ माल मी कायम शेवटी लावतो."

"शेवटी?"

"म्हणजे त्या त्या दिवशीची शेवटची वस्तू."

थोरली उठली. दारापर्यंत जाऊन वळली. "काका, 'दोनवार'नंतर मामंजी तो श्वास घ्यायचे ना? कशासाठी?"

"तो?" काका पहिल्यांदाच हसले. "ती तर पहिल्यापासूनची खोड. तिसऱ्या रांगेकडे बघायचे, खांबापाशी, आणि श्वास घ्यायचे. खुर्ची रिकामी असली तरी."

५

तक्रार खात्यात थोरली एक गोष्ट शिकली होती. तक्रार खरी की खोटी ते नंतर बघायचं. आधी बघायचं, ती मान्य झाली तर या माणसाच्या हाती काय पडतं.

ती ऑफिसात एकटी बसली आणि तसंच मोजत गेली. खोटी बोली लावणारा दुसऱ्याला वर चढवायला लावतो. इथे दुसरा कुणी नव्हताच. घरची बोली लावणारा धन्याची लाज राखतो. त्याला एक बोली पुरते, आणि टपालाने आलेल्या पिंजऱ्याची कसली लाज? वस्तू हवी असणारा माणूस आपलीच बोली वाढवून स्वतःला महागात पाडत नाही. हत्तीच्या हेराला बदनामी करायला एकच बोली पुरली असती, अकरा नाही.

म्हणजे या बोलीने कुणाच्या हाती काहीच पडत नव्हतं. ना वस्तू, ना नफा, ना अब्रू.

मग प्रत्येक बोलीनंतर घडत काय होतं?

तिने पिंजऱ्याचा लिलाव पुन्हा लावला आणि डोळे मिटून घेतले. एकवार. दोनवार. श्वास. बोली. एकवार. दोनवार. श्वास. बोली. एकवार.

थोरलीने डोळे उघडले. प्रत्येक बोलीनंतर एकच गोष्ट घडत होती. मामंजी पुन्हा बोलायला लागत होते. आणि शेवटच्या वस्तूनंतर ते गप्प होत होते, दुसऱ्या दिवशी चारपर्यंत.

मग बाकीचं आपोआप सरकत जागेवर आलं. तीन महिने पडून असलेला फोन बटण दाबताच उजळला, म्हणजे कुणीतरी त्याला रोज चार्ज करत होतं. चार ते पाच झोपणारं माणूस उठल्यावर चष्मा डबीतून काढतं. डबीत ठेवत नाही.

टिक.

ती जिना चढून हॉलमध्ये गेली. एकटी, दुपारी साडेतीनला, तरी कठड्यावर हात घट्ट ठेवून. सगळ्या खुर्च्यांवर धुळीची साय होती. तिसऱ्या रांगेतली खांबालगतची एकच खुर्ची स्वच्छ होती. खांबावर विजेचं सॉकेट होतं, आणि त्यात चार्जर लावलेला होता.

तिच्या मागे, दारात, कुणीतरी उभं होतं.

६

"सापडले का मी?" सासूबाई म्हणाल्या.

थोरलीच्या तोंडून निघालं ते भलतंच. "पण आई, तुम्हाला तर फोनचं तोंडही बघवत नाही."

"बघवत नाहीच. मेलं काळं ढेकूळ. पण यांनीच दवाखान्यात शिकवलं. म्हणाले, एवढं एकच बटण दाबायचं, बाकी कशाला हात लावू नको." त्या येऊन खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत त्या अशा मावल्या जणू ती त्यांच्या मापाचीच करून घेतली होती. "पहिल्या दिवशी नुसतं ऐकायला आले होते गं. शेवटची वस्तू आली. दोनवार झालं. यांनी श्वास घेतला आणि माझं बोट आपोआप पडलं. तर हे परत बोलायला लागले! मला वाटलं, माझ्यासाठीच."

"तो श्वास तुमचा आहे," थोरली म्हणाली.

सासूबाई खांबाकडे बघत राहिल्या. "एकोणीस वर्षांची होते. वडील गेले, आमचं सामान या हॉलमध्ये विकायला आलं. त्यांचं शिवणयंत्र जात होतं. मी इथे बसले होते आणि हात काही वर होईना. हे म्हणाले, दोनवार. आणि थांबले. सगळा हॉल वाट बघतोय आणि हा माणूस आपला श्वासच घेतोय. मी हात वर करेपर्यंत घेत राहिला." त्या हसल्या. "नंतर लग्न झालं. घरच्या बाईने हॉलमध्ये बसायचं नाही म्हणे. तरी खुर्चीकडे बघून रोज घ्यायचे. खाली घरी येऊन सांगायचे, आज तुझे सतरा श्वास झाले."

खाली कुठेतरी दार वाजलं. पावणेचार झाले होते.

"आई, मला लोकांना सांगावं लागेल."

"माझं नाव?"

"नाव नाही. पण बोली खोटी होती, घरातून लागली, हे सांगावं लागेल. आणि तुमचा क्रमांक बंद करावा लागेल. साठ घरी मी शब्द देऊन आलेय."

त्या रडतील असं थोरलीला वाटलं होतं. सासूबाईंनी पदराने खुर्चीचा हात पुसला.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "मी अकरा वेळा अडवलं गं यांना. काल शेवटी बोट उचलेना, तेव्हा यांचं 'तीनवार' ऐकलं. इतके दमलेले वाटले. जाऊ द्या म्हणत होते जणू." मग नेहमीच्या आवाजात, "मात्र आज बसू दे. फोन तुझ्याकडे ठेव हवं तर. माझा भरवसा नाही."

७

पावणेचार ते चार या वेळात थोरलीने पहिल्या पानावर पाच ओळी लिहिल्या. 'गेल्या तीन दिवसांतल्या शेवटच्या वस्तूंवरच्या बोल्या खऱ्या नव्हत्या. त्या आमच्याच घरातून, एका दुःखातून लागल्या. फायदा कुणाचा झाला नाही, पण शब्द आमचा मोडला. तो क्रमांक बंद केला आहे, आणि स्वतःवर बोली लावता येणार नाही असा नियम आजपासून केला आहे. तिन्ही वस्तू आज पुन्हा पुकारू.' 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो' हे वाक्य तिने लिहिलं नाही.

साडेचारपर्यंत अकरा विक्रेत्यांनी आपला माल काढून घेतला. त्यातल्या दोघांनी शिव्या लिहिल्या. एकोणपन्नास राहिले. पिंजऱ्याच्या धन्याने एवढंच कळवलं, 'पक्षी मीच सोडला होता. पिंजरा कुणी नाही घेतला तरी चालेल, पण नीट पुकारा.'

शेवटच्या वस्तूला ते सगळे वर हॉलमध्ये जमले. धाकटा मांडीवर संगणक घेऊन, उजेड दाराला चिकटून ("इथे उजेड नाही हो," सवयीने म्हणालाच), काका टेबलापाशी त्यांच्या जुन्या जागी. सासूबाई तिसऱ्या रांगेत. शेजारच्या धुळीच्या खुर्चीवर थोरली, मामंजींचा बंद फोन मुठीत धरून.

बाकीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी कुणीही मागे वळून बघितलं नाही.

"एकवार," मामंजी म्हणाले.

पिंजऱ्यावर बोली नव्हती.

"दोनवार."

श्वास सुरू झाला. रेकॉर्डिंग तेच होतं, एका सेकंदाचाही फरक नव्हता. धाकट्याने नंतर तीनदा मोजून बघितलं. पण त्या दिवशी तो हॉलभर पसरला, रांगारांगांतून फिरला आणि खांबापाशी येऊन थांबला असं पाचही जणांनी सांगितलं. सासूबाईंचं बोट मांडीवर हललं. थोरलीने मूठ आणखी आवळली.

पडद्यावर एक बोली उमटली.

सासूबाईंनी पटकन दोन्ही हात वर केले. "ही माझी नाही हं!"

"सभासद क्रमांक दोनशे चार," धाकटा वाकून म्हणाला. "कुणीतरी लांबचं आहे. खरं माणूस आहे, वहिनी."

"एकवार," मामंजींनी पुन्हा सुरू केलं, आणि सासूबाई अशा हसल्या जणू कुणी न मागता आणखी एक घास वाढला होता. "दोनवार." श्वास. त्यांनी डोळे मिटले, पण हात मांडीवरच राहिले.

"तीनवार."

काकांचा उजवा हात सवयीने टेबलावर हातोडा शोधत होता. तो तिथे नव्हता.

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, डबीत ठेवला आणि डबी मिटली.

टिक.